फ्रिजांची शिस्टर

आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ होती. बाहेरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, भोवती बायका बसल्या होत्या आणि आमच्या शिस्टरबाई त्यांच्या म्हातारीला कवटाळून मोठ्यानं रडत होत्या. रडणं अगदी खरं होतं. गेलेल्या माणसाला त्या भाऊ मानत आणि दर राखीला ओवाळत. पण रडता रडता त्या एकदम थांबल्या. मान तिरकी केली. आतल्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला, मग थोडी घरघर, मग पुन्हा 'टक्'. शिस्टरबाईंनी पदरानं डोळे पुसले, म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, "मी येतो हं बाई," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो' असंच बोलतात.

सगळ्यांना वाटलं, पाणी आणायला गेल्या असतील. पाणी काही आलं नाही. आतून जड वस्तू फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. गेलेल्या माणसाचा मुलगा धावत आत गेला, त्याच्यामागे मी. शिस्टरबाईंनी पदर कमरेला खोचला होता, फ्रिजला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि त्याला भिंतीपासून पुढं ओढत होत्या.

"भिंतीले चिकटवून ठेवला तुम्ही याले," त्या मुलावर ओरडल्या. "मागं श्वास घ्याले जागा नाई. गुदमरून राह्यला तो."

"मावशी, बाहेर बाबा..."

"बाबाचं झालं आता, बाप्पा. याचं अजून आपल्या हातात हाय."

फ्रिज जरा पुढं आला. मागच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. शिस्टरबाईंनी वायर काढली, ती धूळ केरसुणीनं झाडली, थोडा वेळ थांबून वायर परत लावली आणि फ्रिजच्या अंगावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. टकटक थांबली, नुसती बारीक घुरघुर सुरू झाली. मग त्या बाहेर आल्या, म्हातारीच्या शेजारी होत्या तशाच बसल्या आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं रडू लागल्या.

तेरवीच्या जेवणात तो मुलगा त्यांना आग्रह करता करता म्हणाला, "बाबा गेले मावशी, पण फ्रिज वाचला." हे तो थट्टेनं म्हणाला की मनापासून, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

शिस्टरबाई माझ्या घरमालकीण होत्या. पंचायत समितीत नोकरी लागून मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली या गावी आले, तेव्हा त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. त्यांची सारी नोकरी गडचिरोलीच्या जंगलातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून झाली होती. रिटायर झाल्यावर नवऱ्याला घेऊन त्या सावलीला, आपल्या माहेरच्या गावी, येऊन राहिल्या. गावात त्यांचं नाव कोणी घेत नसे. लहानथोर सगळे शिस्टरबाई म्हणत. अंगानं बारीक, नाकावर चष्मा, पांढरं पातळ, आणि पायात नोकरीतलेच काळे बूट.

खोली पाहायला गेले तेव्हा मी एकटी राहणार का, लग्न झालं का, खाणंपिणं काय, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

"फ्रिज हाय का तुमच्यापाशी?"

"आहे. भावाचा जुना आहे."

"काऊन देला भावानं? काही तक्रार होती का त्याची?"

"नाही हो, चांगला चालतो. भावानं नवा घेतला म्हणून."

शिस्टरबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "आयका. काही तक्रार नव्हती, तरी टाकून देला." मग मला म्हणाल्या, "या राहाले. आन् त्याले सावलीतली भिंत देऊ आपन."

असं फ्रिजाच्या पुण्याईवर मला घर मिळालं.

त्यांच्या लेखी घरातला फ्रिज हा पेशंट होता. त्याच्या बाजूला तळहात लावून त्या ताप पाहत. कान लावून छाती ऐकत. दार नीट लागतं की नाही हे पाहायला लग्नपत्रिकेचा तुकडा दारात धरून दार लावत आणि हळूच ओढत. कागद सहज निघाला तर चेहरा गंभीर करून म्हणत, "दात ढिले झाले याचे." मग कोमट पाण्याच्या फडक्यानं दाराचं रबर पुसून काढत, घड्यांमधली घाण काढत आणि घरच्या बाईला दम देत. हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी स्वयंपाकघरात जात, वाण नंतर घेत. फ्रिजात खाली पाणी साचत असलं तर मागच्या बाजूचं बारीक भोक शोधून काढत, त्यात कोथिंबिरीची काडी नाहीतर शेंगदाण्याचं टरफल अडकलेलं असे. ते काढून तळहातावर घेत आणि घरभर दाखवत फिरत. ऑपरेशन करून काढलेला खडा दाखवावा तसं.

वास येणाऱ्या फ्रिजात त्या लाकडी कोळशाचा तुकडा वाटीत घालून ठेवत. साचलेला बर्फ सुरीनं खरवडणारी बाई दिसली तर मात्र त्यांचा तोल जाई. "तुह्या डोक्यावर कोनी सुरी चालवली तं चालन का?" असं त्यांनी एका तहसीलदारांच्या बायकोला विचारलं होतं.

नातेवाईक नागपूरहून, भंडाऱ्याहून व्हिडिओ कॉल करत. मी कितीतरी वेळा पाहिलंय, शिस्टरबाई अंगणात खुर्चीवर बसल्या आहेत, फोन कानाला घट्ट लावला आहे, डोळे मिटले आहेत आणि फोनवर कोणाच्या तरी घरचा फ्रिज घुरघुरतो आहे. "आता मागं न्या फोन. खाली. अजून खाली. तुम्ही नोका बोलू, त्याले बोलू द्या."

निदान दर वेळी बरोबर येई असं नाही. एका गुरुजींचा फ्रिज थंड करत नव्हता. शिस्टरबाईंनी तो पाहिला, दमला आहे म्हणाल्या आणि त्याला विश्रांती सांगितली. आतलं सगळं काढायला लावलं, समोर टीव्ही लावू नका म्हणाल्या, आणि गुरुजींच्या घरची माणसं खरोखर हळू बोलू लागली. पुढं मेकॅनिक आला तेव्हा कळलं की भिंतीवरचं बटणच बंद होतं. आम्हाला हसू आवरेना. शिस्टरबाई काही ओशाळल्या नाहीत.

"मंग? आराम तं भेटला ना त्याले," त्या म्हणाल्या.

स्वतःच्या फ्रिजला त्या एकादशीचा उपास धरायला लावत. त्या दिवशी त्याही उपाशी आणि फ्रिजही बंद, दार उघडं, खाली जुनं धोतर अंथरलेलं, वरचा बर्फ टिपटिप गळतोय. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आधी फ्रिजचं बटण दाबायचं, मग स्वतः चहा घ्यायचा. इतक्या निगुतीनं ठेवलेला फ्रिज मी दुसरा पाहिला नाही. दहा वर्षांचा असून शोरूममधून कालच आणल्यासारखा दिसे. आणि त्यात काहीही नसे.

म्हणजे पाण्याच्या बाटल्या असत. बुचं घट्ट लावलेल्या, ओळीनं मांडलेल्या. मधे दोऱ्यानं टांगलेलं थर्मामीटर. त्या बाटल्यांतलं पाणी प्यायचं नसे. ते थंडी धरून ठेवायला होतं. कसली थंडी, कशासाठी धरायची, असं विचारायची सोय नव्हती. "फ्रिजात काही ठेवलं का तो बिघडते," एवढंच उत्तर मिळे. आमच्या भागातला मे महिना तुम्हाला सांगायला नको, घराबाहेर पाऊल टाकलं की चटका बसतो. अशा उन्हातून आलेला एक पाहुणा एकदा म्हणाला, "शिस्टरबाई, थंड पाणी भेटन का?" शिस्टरबाई त्याला फ्रिजपाशी घेऊन गेल्या, दार उघडलं, "हात लावून पाहा, किती थंड हाय," म्हणाल्या, त्यानं बाटलीला हात लावला, त्यांनी दार लावलं आणि त्याला माठातलं पाणी दिलं.

याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होत असेल तर त्यांच्या नवऱ्याला. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. शेकडो पोरांचं वरण-भात शिजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण त्यांचा खरा जीव बासुंदीत होता. मंद आचेवर दूध आटवत तासन्तास बसायचे. आणि बासुंदी खायची तर थंडगार, असं त्यांचं ठाम मत. घरात चालता-बोलता फ्रिज, त्यात पाण्याच्या बाटल्या, आणि बासुंदी बाहेर जाळीखाली. एके दुपारी शिस्टरबाई देवळात गेल्या असताना भाऊ माझ्या दारात आले. हातात झाकलेलं पातेलं. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, एक वस्तू ठेवाची होती तुमच्या इथी. संध्याकाळपर्यंत."

तेव्हापासून माझ्या फ्रिजात भाऊंची बासुंदी येऊ लागली. शिस्टरबाई घरात नसल्या की भाऊ हळूच येत, माझ्या खोलीत उभ्यानंच वाटीभर खात, तोंड धुऊन, मिशा पुसून परत जात. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा शिस्टरबाई माझ्याकडं साखर मागायला आल्या आणि जाता जाता दारात थबकल्या.

"तुमचा फ्रिज आज लय घुरघुरून राह्यला. काही जड ठेवलं का त्याच्यात?"

"नाही हो. दूध आहे."

"दुधानं इतका नाई घुरघुरत." त्यांनी पुढं येऊन फ्रिजच्या दाराला हात लावला, उघडलं मात्र नाही. "बासुंदी हाय." मग म्हणाल्या, "झाकण घट लावत जा म्हना. उघडं ठेवलं का बर्फ जमते."

भाऊंना मी हे सांगितलं नाही. चोरी पकडली गेली आहे हे कळलं असतं तर त्यांची बासुंदीची गोडी अर्धी कमी झाली असती.

आता सापाचं सांगते.

आमच्या समोर एक वैनी राहायच्या. उन्हाळ्यात घरच्या फ्रिजात कुल्फ्या जमवून त्या विकत. त्यांचा फ्रिज मागच्या खोलीत, विटांवर ठेवलेला होता आणि त्या खोलीच्या दाराबाहेरच धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होत. रोवणीचे दिवस होते, बांध्या पाण्यानं भरलेल्या. वैनी सकाळी हाका मारत आल्या. "शिस्टरबाई, चला बरं लवकर. माह्या फ्रिजातून सूं सूं आवाज येऊन राह्यला. कुकरची शिटी अडकते ना, तसा."

शिस्टरबाईंनी निळा डबा उचलला. पूर्वी या डब्यात बर्फ घालून त्या पाड्यांवर लशी नेत. आता त्यात टॉर्च, थर्मामीटर, लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश, साबणाची वडी आणि फडकी असत. मला म्हणाल्या, "चला मॅडम, टॉर्च धराले कोनी पाह्यजे."

वैनींच्या मागच्या खोलीत अंधार होता. आम्ही आत शिरलो आणि आवाज ऐकू आला. लांब, दमदार, मधेच थांबणारा. शिस्टरबाईंनी फ्रिजच्या बाजूला कान लावला. डोळे मिटले. वैनींनी आणि मी श्वास रोखला.

"गॅस," शिस्टरबाई म्हणाल्या. "बारीकसारीक नाई. मोठी लीक हाय. चुला बंद करा, वैनी. कोनी काडी नोका पेटवू."

वैनी चूल विझवायला पळाल्या. शिस्टरबाईंनी वाटीत साबणाचा फेस केला. गॅस जिथून सुटतो तिथं फेस लावला की बुडबुडे येतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग गुडघ्यांवर बसून ब्रश फेसात बुडवला आणि फ्रिजच्या मागं घातला. मी वाकून टॉर्च धरला. मागं काळ्या नळ्या होत्या, कॉम्प्रेसरचा काळा गोळा होता आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला एक जाड पाइप दिसत होता.

"हा पाइप जाडा लागून राह्यला," शिस्टरबाई ब्रश फिरवत म्हणाल्या.

आवाज वाढला.

"पाहा, बराबर जागा सापडली," त्या म्हणाल्या.

मी टॉर्च आणखी जवळ नेला. पाइपावर साखळीसारखे तपकिरी गोल गोल ठिपके होते, एकापुढं एक, फार सुबक.

"शिस्टरबाई, पाइपाला नक्षी असते का?"

"नव्या मॉडेलले राहत असन."

"पण वैनींचा फ्रिज तर जुना आहे."

शिस्टरबाईंचा हात थांबला. ब्रश मात्र हलत होता. पाइपच त्याला ढकलत होता.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. वैनी सांगतात की मी शिस्टरबाईंना पाठीमागून पातळासकट धरलं आणि दोघी मिळून उलट्या पावली दाराबाहेर, थेट गल्लीत येऊन पडलो. मला फक्त ते तोंड आठवतं. फेसानं माखलेलं, तिकोनी, आणि आपल्याला साबण लावला याचा अतिशय राग आलेलं. घोणस होती. चांगली मनगटाएवढी.

गल्लीत आरडाओरडा झाला. भाऊ घरातून अनवाणी धावत आले, हातात दूध आटवायचा झारा तसाच. कोणी म्हणालं साप, कोणी म्हणालं शिस्टरबाईंना चावला. भाऊंनी गर्दी बाजूला सारली, शिस्टरबाईंचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले, बोटं पाहिली, मनगटं पाहिली. कुठं काही नाही असं दिसल्यावर ज्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो माणूस भर गल्लीत ओरडला.

"तुले काही झालं असतं तं मी काय फ्रिजसंग राह्यलो असतो काय व?"

शिस्टरबाईंनी विस्कटलेले केस कानामागं सारले.

"आधी त्या फ्रिजची वायर काढा कोनीतरी," त्या म्हणाल्या. "चालू राह्यला तो."

भाऊंनी झारा तिथंच जमिनीवर टाकला आणि ते घरात निघून गेले.

सर्पमित्राला फोन केला. तो आला, काठीनं साप उचलला आणि पिशवीत घालता घालता थांबला. "याले साबन कोनं लावला?" त्यानं विचारलं. सगळ्या गल्लीनं शिस्टरबाईंकडं पाहिलं. तो जंगलाकडं निघून गेल्यावर शिस्टरबाई वैनींना म्हणाल्या, "साप होता हे खरं हाय. पन गॅसबी लीक होता. सापाच्या आवाजात तो आयकू नाई आला."

वैनींचा फ्रिज पुढं कुल्फ्या जमवत राहिला, त्यामुळं गॅसचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

त्या दिवसापासून भाऊ शिस्टरबाईंशी बोलेनासे झाले. जेवायचे, उठायचे, माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. बासुंदीही करेनात. असंच एकदा बसले असताना मी म्हटलं, "भाऊ, शिस्टरबाईंना या फ्रिजांचं वेड लागलं तरी कसं?"

भाऊंनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. "ते जंगलातल्या दवाखान्यात होती ना," ते म्हणाले, "तिथी लशीचा फ्रिज होता. हिच्याकडं चाबी. एक डाव हे सुट्टीवर गेली, आन् कोनंतरी त्याच्यात मासोळ्या ठेवल्या. मंग बसले दिवसभर दार उघडत. सगळी लस खराब झाली. हे आली तं बाया दारात बसून होत्या. नाला छातीभर होता, तो पार करून आल्या होत्या लेकरं डोक्यावर घेऊन. हिले त्याहिले वापस पाठवा लागलं." भाऊंनी तंबाखू मळली. "दुसऱ्या दिवशी नवी लस आनून हे स्वतः गेली त्या बायाच्या वस्तीवर, टोल्यावर. नाल्यातून, डबा डोक्यावर. पन त्या बायाचं तोंड काई हिच्या डोळ्यापुढून गेलं नाई. मासोळीबी नाई खात तवापासून."

मग म्हणाले, "मले माहीत हाय सगळं. म्हनून तं इतके वर्ष काई बोललो नाई. पन सापाच्या तोंडात हात घालाचं काऊन?"

हे मी शिस्टरबाईंना सांगितलं नाही, पण भिंत मधे एकच होती आणि शिस्टरबाईंचे कान कसे होते ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. भाऊ पाटावर बसले होते, तोंड फिरवून. चुलीवर दूध आटलेलं. बासुंदी शिस्टरबाईंनी केली होती आणि ती बुडाला लागली होती, वास येत होता. शिस्टरबाईंनी फ्रिजचं दार उघडलं. बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या, जमिनीवर ओळीनं मांडल्या. मग पातेलं निवू दिलं, झाकण घट्ट लावलं, आत ठेवलं, दार लावलं आणि फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या. दुपारपर्यंत त्या हलल्या नाहीत. मधे मधे कान लावत.

दुपारी त्यांनी दार उघडलं, आधी थर्मामीटर पाहिलं, मग पातेलं काढलं आणि वाटी भाऊंपुढं ठेवली.

"एक डिग्री वाढली तुमच्यापाई," त्या म्हणाल्या.

भाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "जळली हाय," ते म्हणाले.

"थंड हाय का नाई, ते सांगा."

"थंड हाय," भाऊ म्हणाले आणि वाटी पुढं केली.

संध्याकाळी बाटल्या परत आत गेल्या. फ्रिजला दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना उपास घडला.

पुढं माझी बदली कोरपन्याला झाली. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सामान बांधलं, टेम्पो आला. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार फ्रिज आडवा करू लागले तेवढ्यात शिस्टरबाई ओसरीवरून ओरडल्या.

"ओ! पेशंटले आडवं नेतात, फ्रिजले नाई. आतलं तेल सांडते, मंग तो उठत नाई."

"उभा नाई राहत मावशी. वळनावर पडन."

"पडन कसा? मी धरतो ना."

आम्हाला वाटलं, बोलायची गोष्ट. पण त्यांनी फ्रिजला माझी गादी गुंडाळली, दोर बांधला, पदर खोचला आणि खरोखर टेम्पोत चढून त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. मी विनवण्या केल्या. भाऊंकडं पाहिलं. भाऊ घरात गेले, निळा डबा घेऊन बाहेर आले, कुलूप लावलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. "तिले उतरवाले वेळ घालवाल तं रात होईन," ते म्हणाले.

मूल गावापर्यंत लोक नुसते बघत होते. चंद्रपूरजवळ कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, तिथं एका पोलिसानं टेम्पो थांबवला. मागं डोकावून पाहिलं. पांढऱ्या पातळातली एक म्हातारी फ्रिजच्या कमरेत हात घालून उभी होती.

"हे कोन हाय?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"फ्रिजची नातेवाईक हाय, साहेब."

पोलिसानं पुन्हा एकदा पाहिलं. शिस्टरबाईंनी त्याला फ्रिजवरचा हात न काढता मान हलवून नमस्कार केला. "जाऊ द्या," तो म्हणाला.

चंद्रपूरपर्यंत त्या कोळशानं काळ्या झाल्या होत्या, गडचांदूरनंतर सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या. कोरपन्याला पोचलो तेव्हा त्यांचा रंग सांगता येत नव्हता. उतरवायला हात दिला तर म्हणाल्या, "आधी त्याले."

कोरपन्याचे माझे नवे घरमालक कापसाचे शेतकरी होते, शांत, भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "लावून देतो फ्रिज. दूध नासन तुमचं."

"हात नोका लावू," शिस्टरबाई म्हणाल्या. "तेल खाली बसू द्या त्याचं. उद्या सकाळी."

मी नकळत बटण दाबेन अशी त्यांना शंका होती. म्हणून ती दोघंही मुक्कामाला राहिली. शिस्टरबाईंनी आपली सतरंजी फ्रिजपुढं टाकली. सकाळी उठून पाहते तर त्या अंघोळ करून तयार. फ्रिज हातानं हलवून पाहिला, मागं थोडा झुकता राहील असा बसवला, म्हणजे दार आपोआप लागतं. वायर लावली. आम्ही सगळे उभे. आधी काहीच नाही. मग 'टक्', आणि घुरघुर. शिस्टरबाईंनी कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या नर्सच्या तोंडावर पाहिलंय.

"लागला," त्या म्हणाल्या.

बस यायची वेळ झाली होती. माझा निरोप घेण्याऐवजी त्यांनी नव्या घरमालकांना बाजूला बोलावलं आणि माझ्याकडं पाठ करून सूचना द्यायला सुरुवात केली. मी पिशवी धरून ऐकत होते.

"जागा नवी हाय, दोन-चार दिवस जास्त अपेक्षा नोका ठेवू. हळूहळू रुळते. उन्हात ठेवाचं नाई. सारखं सारखं दार वाजवाचं नाई. सकाळी सकाळी कुरकुर आयकू येते, घाबराचं नाई, थोड्या वेळानं आपोआप थांबते. लाइट गेली तं एकदम बंद पडते, तवा जवळ कोनी पाह्यजे. आन् पानी गळताना दिसलं तं ओरडाचं नाई. आत काईतरी अडकलेलं राहते. पुसाचं, आन् इचाराचं."

घरमालक मान हलवत होते. मग थांबले. फ्रिजकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, हे तुम्ही फ्रिजचं सांगून राह्यल्या का मॅडमचं?"

शिस्टरबाईंनी खरोखर विचार केला. बाहेर भाऊ येणाऱ्या बसला हात दाखवत होते.

"तुम्ही पाळा तं सही," त्या म्हणाल्या आणि निळा डबा उचलून निघाल्या. "ज्याले लागू पडन, त्याले पडन."